पिकते तिथे शिजावे : अख्ख्या धान्याचा रोजचा स्वयंपाक

‘पिकते तिथे विकत नाही’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. अलीकडे तिला एक शेपूट जोडावे लागेल. पिकते तिथे शिजतही नाही! शाळू निघतो, खळे होते, पोती भरतात. वर्षाच्या भाकरीपुरती ज्वारी ठेवून बाकीची बाजारात जाते आणि त्याच बाजारातून परतताना पिशवीत पांढराशुभ्र तांदूळ, बारीक रवा, मैद्याची बिस्किटे आणि मुलांसाठी पाकिटातल्या शेवया येतात. ज्वारी-बाजरीचा आपल्या घराशी संबंध आता भाकरीपुरता उरला आहे. कित्येक घरांत तर तोही एका वेळेपुरताच.

पूर्वी तसे नव्हते. एकाच कणगीतल्या धान्यातून आपल्या आज्या ताकातल्या कण्या करीत, जाड भरडलेल्या ज्वारीचा ठोंबरा करीत, थंडीत बाजरीचा खिचडा रटरटत असे. भोगीला राळ्याचा भात, नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या, लग्नकार्यात खपली गव्हाची खीर आणि शेतात राबणाऱ्यांसाठी घुगऱ्या. या सगळ्या पदार्थांत एक गोष्ट समान होती. धान्याचे पीठ करून ते थापण्याऐवजी दाणा अख्खा किंवा जाडसर ठेवून शिजवलेला असे.

भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्यानंतर शहरातल्या दुकानांत ज्वारीच्या कण्या आणि बाजरीचा भरडा सुबक पाकिटांतून मिळू लागला. पिकवणाऱ्याने पोत्याने विकायचे आणि शहरातल्याने पाकिटाने चढ्या भावात घेऊन खायचे, असा हा व्यवहार. तो चालू द्यावा, त्यात वावगे काही नाही. परंतु ज्याच्या रानात हे धान्य उभे राहते, त्याच्या ताटातून ते हद्दपार व्हावे, हे काही बरे नव्हे.

हे पदार्थ चुलीवरून उतरले कसे?

चव बिघडली म्हणून कण्या गेल्या नाहीत. त्या गेल्या घरातल्या बाईच्या वेळेपायी. तांदूळ धुऊन आधणात वैरला की वीस मिनिटांत भात होतो. कण्यांसाठी ज्वारी ओलवायची, उखळात कांडायची, पाखडायची, जात्यावर भरडायची, चाळायची आणि मग कुठे शिजवायची. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईने हे करावे तरी कधी? गावात गिरणी आली, त्या दिवशी घरोघरच्या बायकांच्या खांद्यावरचे मोठे ओझे उतरले. ते पुन्हा तिच्याच खांद्यावर चढवा, असे कोणी म्हणू नये.

रेशनच्या दुकानाचाही यात वाटा आहे. १९७२ च्या दुष्काळात मिलो खाऊन दिवस काढलेली पिढी अजून गावोगावी आहे. त्यानंतर रेशनवर गहू-तांदूळ मिळत गेला आणि कोरडवाहू भागातल्या, भाताचे एक रोपही न लावणाऱ्या घरांत भात रोजचा झाला. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या घरांना हे धान्य मोफत मिळते. फुकट मिळणारे आणि झटपट शिजणारे धान्य कोण नाकारील?

तेव्हा प्रश्न साधा आहे. अख्खे धान्य रोजच्या जेवणात परत आणायचे असेल, तर त्याचा खटाटोप कमी झाला पाहिजे. तो कमी करता येतो. त्यासाठी कोणते काम रोजचे, कोणते आठवड्याचे आणि कोणते घरातल्या दुसऱ्यांनी करायचे, याची वाटणी हवी. तीच आपण पाहू. पण त्याआधी एवढा आटापिटा करायचा तरी कशासाठी, हे समजून घेऊ.

दाण्यात काय दडले आहे?

कोणत्याही धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेर कोंड्याचे आवरण, एका टोकाला लहानसा अंकुर आणि बाकी सगळा पिठूळ गर. गर म्हणजे मुख्यत्वे पिष्ट, त्यातून शक्ती मिळते. पण लोह, जस्त, ब गटातील जीवनसत्त्वे आणि पोट साफ ठेवणारा चोथा यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो. गिरणीत तांदळाला पॉलिश होते किंवा गव्हाचा मैदा होतो, तेव्हा नेमके हेच दोन भाग निघून जातात. ते आपण गोठ्यात पाठवतो. म्हशीला कोंडा आणि माणसाला पिष्ट, अशी ही उलटी वाटणी आहे.

या बाबतीत कोंबड्यांची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शेवटच्या दहा वर्षांत ख्रिस्तियान आइकमन नावाचे एक डच डॉक्टर जावा बेटावर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. या रोगात पायांतली शक्ती जाते. त्यांनी पाळलेल्या कोंबड्याही लुळ्या पडू लागल्या. चौकशी केली तेव्हा कळले की, त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला आणि त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायचे नाकारले. त्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि कोंबड्या उठून चालू लागल्या. कोंड्यात काहीतरी आहे आणि ते पॉलिशमध्ये जाते, हे यावरून उमगले. ते काहीतरी म्हणजे आज आपण ज्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतो ते. या कामासाठी आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात, त्यातही हेच शहाणपण आहे. भात साळीसकट उकडला की कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्याच्या आत शिरतात. मग तो कांडला तरी ती सगळीच निघून जात नाहीत. उकड्या तांदळाची पेज पिऊन माणसे दुपारपर्यंत शेतात उभी राहत, ती उगीच नव्हे.

आता आपल्या कोरडवाहू धान्यांकडे पाहा. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीत आणि अख्ख्या गव्हात ते ४ मिलिग्रॅमच्या आसपास असते. पॉलिशच्या तांदळात ते १ मिलिग्रॅमही भरत नाही. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. हा फरक एकोणीस-वीसचा नाही, हे सहज ध्यानात येईल.

हे आकडे आपल्या घराला कसे लागू पडतात? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. पाच वर्षांखालच्या मुलांत तर दर तिघांपैकी दोघांची तीच गत होती. जिना चढताना धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, सदा थकवा वाटणे हे बाईच्या जातीला लागलेलेच, असे समजून आपण सोडून देतो. ते लागलेले नसते, ते ताटातून येते. नुसती बाजरी खाऊन पंडुरोग बरा होईल असे मात्र मुळीच नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पण रोजच्या अन्नात लोह नसेल, तर गोळ्या संपल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

ओलवणे, भिजवणे, मुरवणे

अख्खे धान्य शिजत नाही, टचटचीत लागते, पोटात जड होते, अशी तक्रार असते. याचे कारण दाण्यात नाही, करण्यात आहे. तीन गोष्टी सांभाळल्या की दाणा लोण्यासारखा मऊ होतो.

पहिली गोष्ट ओलवणे. ज्वारी आणि बाजरी यांना साळीसारखे टरफल नसते, त्यामुळे ती सडलीच पाहिजेत असे नाही. पण वरचा चिवट पापुद्रा थोडा सैल केला, तर पाणी आत लवकर शिरते. किलोभर धान्यावर अर्धी वाटी पाणी शिंपडावे, हाताने चोळावे आणि झाकून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. मग उखळात हलके कांडावे. उखळ नसेल, तर मिक्सरच्या भांड्यात थोडे थोडे घालून बटण क्षणभर फिरवून लगेच बंद करावे. असे दोन-तीन वेळा केले की पुरे. सुपात पाखडले की सैल झालेला पापुद्रा उडून जातो. सगळा कोंडा काढायचा नाही, हे लक्षात असू द्यावे. दाणा पांढरा होईपर्यंत कांडला, तर तो आणि पॉलिशचा तांदूळ यांत फरक काय राहिला? राळा आणि वरी यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांचे टरफल खाण्याजोगे नसते, ते सडून काढावेच लागते.

दुसरी गोष्ट भिजवणे. रात्री झोपताना ज्वारी, बाजरी किंवा गहू भरपूर पाण्यात भिजत घालावा. आठ-दहा तासांत दाणा फुगतो आणि शिजण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो. भिजवण्याचा आणखी एक लाभ आहे. कोंड्यात फायटेट नावाचे एक द्रव्य असते. ते लोह आणि जस्त यांना धरून ठेवते आणि अंगी लागू देत नाही. भिजवल्याने, मोड आणल्याने आणि आंबवल्याने हे द्रव्य कमी होते. आंबील रात्रभर आंबवण्याची आपली रीत यासाठी फार उपयोगी आहे. उन्हाळ्यात भिजवणीच्या पाण्याला लवकर वास येतो, म्हणून मध्ये एकदा ते बदलावे.

तिसरी गोष्ट मुरवणे. दाणा शिजला असे वाटल्यावर भांडे लगेच उघडून वाढू नये. खाली उतरवून झाकण तसेच ठेवावे आणि निदान वीस मिनिटे वाफेत मुरू द्यावे. बाहेरून शिजलेला दाणा आतून याच वेळी मऊ होतो.

याच्या जोडीला एक नियम ध्यानात ठेवावा. गूळ, चिंच, ताक, टोमॅटो हे सर्व दाणा पुरता मऊ झाल्यावरच घालावे. गोड किंवा आंबट आधी पडले की दाणा ताठर राहतो, मग कितीही जाळ लावा. खीर बिघडण्याचे नेहमीचे कारण हेच असते.

ज्वारीच्या कण्या आणि घुगऱ्या

कण्यांसाठी मालदांडीसारखी टपोरी रब्बी ज्वारी उत्तम. मंगळवेढ्याची मालदांडी तर प्रसिद्धच आहे. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खरिपाच्या ज्वारीचे दाणे पक्व होताना पावसात सापडले, तर काळे पडतात. त्यांवर बुरशी असते. असे दाणे निवडून टाकावेत. ते माणसाच्या पोटात जाऊ नयेत.

ओलवून पाखडलेली ज्वारी सावलीत सुकवावी आणि गिरणीवाल्याला जाड भरडून द्यायला सांगावी. जाते असेल तर उत्तमच. भरडा चाळला की तीन जिन्नस मिळतात. चाळणीवर जाड कण्या राहतात, खाली रवा पडतो आणि सगळ्यांत बारीक ते पीठ. कण्या शिजवाव्यात, रव्याचा उपमा किंवा सांजा करावा, पीठ भाकरीत मिसळावे. वाया काहीच जात नाही.

एक वाटी कण्या तासभर भिजवाव्यात. चार-पाच वाट्या पाण्याला आधण आणून त्यांत वैराव्यात आणि मंद जाळावर हलवत शिजवाव्यात. कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या पुरतात. मऊ झाल्यावर मीठ घालून खाली उतरवाव्यात. कोमट झाल्या की घुसळलेले ताक घालावे, वरून जिरे, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी द्यावी. कढत कण्यांत ताक ओतले तर ते फाटते. उन्हाळ्यात भर दुपारी शेतावर नेण्यासाठी यासारखे अन्न नाही. तहान भागते, पोट भरते आणि डोळ्यांवर झापड येत नाही.

घुगऱ्यांना तर भरडण्याचीही गरज नाही. रात्रभर भिजवलेली एक वाटी ज्वारी तीन वाट्या पाण्यात कुकरला लावावी. सहा-सात शिट्ट्या झाल्यावर जाळ बारीक करून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. उघड्या पातेल्यात तास-सव्वा तास लागतो. दाणा बोटांत दाबला की चेपला पाहिजे. मग तेलावर कांदा, हिरवी मिरची आणि हळद परतून घुगऱ्या घालाव्यात. वर लिंबू, कोथिंबीर आणि ओले खोबरे. मटकी किंवा हुलगे वेगळे शिजवून त्यात मिसळले, तर कस आणखी वाढतो, कारण धान्यात जे उणे असते ते कडधान्य भरून काढते. शाळेच्या डब्यासाठी हा पदार्थ फार सोयीचा आहे.

बाजरीचा खिचडा

बाजरीचे पीठ दळून आणले की आठ-दहा दिवसांत कडू होऊ लागते, हा अनुभव घरोघरचा आहे. कारण असे की, बाजरीत तेलाचा अंश इतर धान्यांपेक्षा जास्त, सुमारे पाच टक्के असतो. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल सुरक्षित राहते. दळले की हवा लागून खवट होते. म्हणून बाजरी साठवायची ती अख्खी, आणि शिजवायची तीही अख्खी किंवा जाडसर भरडून. खिचड्याची हीच खुबी आहे. पिठाची काळजीच नको.

एक वाटी बाजरी वर सांगितल्याप्रमाणे ओलवून, हलकी कांडून पाखडावी आणि पाच-सहा तास भिजवावी. तीत अर्धी वाटी सालीची मूगडाळ, मूठभर शेंगदाणे आणि हळद घालावी. पाच वाट्या पाण्यात कुकरला सहा शिट्ट्या द्याव्यात, मग दहा मिनिटे बारीक जाळ. उतरवून मुरू द्यावा. मीठ घालून रवीने थोडा घोटावा. वर हिंग, जिरे, भरपूर लसूण यांची फोडणी. सोबत कढी किंवा ताक आणि चमचाभर तूप. बाजरी उष्ण, तेव्हा हा पदार्थ थंडीतला, असे आपण मानतो. पण पावसाळ्यात ओल्या अंगाने घरी आलेल्या माणसालाही तो तितकाच गोड लागतो.

बियाणे घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘धनशक्ती’ हे बाजरीचे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या संस्थेने मिळून, लोहाचे प्रमाण अधिक असावे या हेतूने पुढे आणले. घरच्या खाण्यासाठी दोन-चार गुंठे जरी असे वाण पेरले, तरी घरातल्या मुलींना त्याचा लाभ होईल.

खपलीची खीर

सांगली, कोल्हापूर, सातारा या भागांत खपली गहू पूर्वापार पिकतो. हा गहू मळणीत सहज मोकळा होत नाही, टरफल दाण्याला धरून राहते. म्हणून तो सडलेला घ्यावा. सोलापूरकडे याच गव्हाची हुग्गी करतात.

एक वाटी सडलेला गहू रात्रभर भिजवावा. सकाळी चार वाट्या पाण्यात, मूठभर तांदूळ सोबत घालून, कुकरला अर्धा तास ठेवावा. चुलीवर मंद जाळावर दोन तास लागतात, पण चव निराळीच येते. गहू फुटून मऊ झाला की रवीने घोटावा आणि त्यानंतरच एक वाटी चिरलेला गूळ घालावा. दहा मिनिटे रटरटू द्यावे. भाजून कुटलेली खसखस, ओले खोबरे, वेलची आणि जायफळ घालून उतरवावी. दूध हवे असेल, तर वाढताना ताटात घालावे. कढत गुळात ते नासते.

नाचणी आणि राळा

नाचणीचा दाणा इतका बारीक की तो अख्खा शिजवण्यापेक्षा मोड आणून वापरणे चांगले. बारा तास भिजवून फडक्यात बांधावी. दीड दिवसात मोड येतात. मग वाळवून, मंद भाजून, चोळून, दळून ठेवावी. मोड आल्याने पिष्ट सुटे होते, त्यामुळे पेज घट्ट होत नाही. लहान मुलाच्या एका वाटीत मग जास्त पीठ मावते आणि ते गिळायलाही सोपे जाते. सहा महिने पुरे झालेल्या बाळाला आईच्या दुधाच्या जोडीने अशी पेज देता येते. त्याआधी मात्र नुसते आईचे दूधच द्यावे.

राळ्यात बारीक खडे फार. चार पाण्यांत धुऊन रोळून घ्यावा. वाटीला अडीच वाट्या पाणी घालावे. तो तांदळासारखाच वीस मिनिटांत शिजतो. ज्यांना भात सोडवत नाही, त्यांनी याच धान्यापासून आरंभ करावा.

सरपण आणि गॅस वाचवणारी पेटी

अख्ख्या धान्याला जाळ जास्त लागतो, ही अडचण खरी आहे. तिच्यावर गवतपेटी हा सोपा उपाय आहे. एक मोठी पाटी किंवा लाकडी खोके घ्यावे. तळाला आणि कडेने वीतभर जाडीचा कोरडा पेंढा किंवा गवत दाबून भरावे. मधोमध पातेले बसेल एवढी खळगी ठेवावी. वरून झाकायला जुन्या लुगड्याची, आत पेंढा भरलेली जाड गादी शिवावी.

सकाळी भिजलेले धान्य पातेल्यात वीस मिनिटे खळखळून उकळावे. झाकण न काढता पातेले तसेच पेटीत ठेवून गादीने दाबून टाकावे आणि शेतावर निघून जावे. चार तासांनी धान्य आपोआप शिजलेले असते. घरी आल्यावर एकदा पुन्हा चांगले उकळून फोडणी द्यावी. उकळी आणणे टाळू नये, कारण कोमट अन्न फार वेळ राहिले तर बिघडते. पेटीत निखारा किंवा ठिणगी जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी. आत धगीचे काही नसते, केवळ कोंडलेली वाफ काम करते.

एवढे सांभाळा

ज्वारीला लांब मोड आणून खाऊ नयेत. कोवळा जोंधळा खाल्ला की जनावरांना विषबाधा होते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तेच विषारी द्रव्य ज्वारीच्या कोवळ्या मोडांत असते. मोड आणायचे ते मटकी, मूग आणि नाचणी यांना. ज्वारी भिजवावी, पण मोड येऊ देऊ नयेत.

बाजरीत काळपट, लांबट, कठीण गाठी दिसल्या तर तो अरगट रोग होय. त्या गाठी विषारी असतात. अशी बाजरी निवडल्याशिवाय खाऊ नये आणि जनावरांनाही घालू नये. मिठाच्या दाट पाण्यात धान्य टाकले की या गाठी वर तरंगतात, त्या काढून टाकाव्यात. मग धान्य दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात धुवावे.

वरी, भगर किंवा तिचे पीठ जुने, दमट झालेले घेऊ नये. उपवासाच्या दिवसांत विषबाधेच्या बातम्या येतात, त्या बहुधा अशाच बुरशी धरलेल्या भगरीमुळे.

जेवणाबरोबर लिंबाची फोड, आवळा किंवा कच्ची कोशिंबीर असावी, त्याने लोह अंगी लागते. जेवण झाल्याझाल्या चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. तास-दीड तास जाऊ द्यावा.

मधुमेह असलेल्यांनी अख्खे धान्य जरूर खावे, ते सावकाश पचते. पण ज्वारी खाल्ली म्हणजे साखर जाते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. तेही पिष्टच आहे. मापात खावे आणि औषध चालू ठेवावे.

कामाची वाटणी

आता सर्वांत महत्त्वाचे. हे सगळे एकट्या बाईच्या माथी मारले, तर चार दिवसांत उत्साह मावळेल. म्हणून कामे वाटून घ्यावीत. निवडणे, पाखडणे हे म्हातारी माणसे बसल्याजागी करू शकतात आणि त्यांच्याइतकी ती कला कोणाला येतही नाही. उखळात कांडणे हे तरण्या मुलाचे काम. तालमीत जोर काढणाऱ्याने अर्धा तास मुसळ धरले, तर त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. भरडा गिरणीतून आणणे घरधन्याने करावे. महिन्यातून एकदा चार-पाच किलो कण्या करून डब्यात भरल्या की रोज तांदूळ घेतो तशी वाटीने घ्यायची. मग घरधनिणीला रोजचे काम उरते ते फक्त भिजवण्याचे आणि शिजवण्याचे.

बाजरीचा भरडा मात्र आठवड्यापुरताच करावा, कारण वर सांगितलेच आहे. बचत गटाच्या भगिनींनी एकत्र येऊन गिरणीवर महिन्याचा एक दिवस कण्या भरडण्यासाठी ठरवून घेतला, तर खर्च आणि हेलपाटे दोन्ही वाचतील. गावातल्या नोकरदार घरांना त्याच कण्या विकताही येतील.

रोज भात बंद करा, असे येथे सांगायचे नाही. रेशनचा तांदूळ घरात येणारच आणि तो वाया घालवू नये. आठवड्यात दोन दिवस भाताच्या जागी कण्या, एक दिवस खिचडा, एक दिवस मुलांच्या डब्यात घुगऱ्या, एवढ्याने सुरुवात पुरे. पहिल्या दिवशी मुले नाक मुरडतील. तेव्हा कण्यांत एक हिस्सा तांदूळ मिसळावा आणि हळूहळू तो कमी करावा. जिभेला नव्या चवीची सवय व्हायला वेळ लागतो. चार-सहा वेळा ताटात आले की मूल आपणहून मागू लागते.

ज्या घरात अजून आजी आहे, त्यांनी तिला एकदा चुलीपाशी बसवून कांडण्याचे, पाखडण्याचे आणि वैरण्याचे माप विचारून घ्यावे. वहीत लिहून ठेवावे. हे ज्ञान कोणत्या शाळेत शिकवीत नाहीत आणि आजी गेल्यावर ते दुकानात विकतही मिळायचे नाही.

सुरुवातीला उखळ नको, गिरणी नको. आज रात्री भांडी आवरल्यावर कणगीतली वाटीभर ज्वारी निवडून भिजत घाला. उद्या तिच्या घुगऱ्या करा आणि घरातल्या सर्वांनी मिळून खा. घरातल्या बाईनेही सगळ्यांबरोबर बसून, गरम असतानाच खाव्यात. रक्त तिचेच कमी आहे, म्हणून पहिली वाटी तिची.